चिंचोक्याची खळ

भुवनेश्वरच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी आटोपली तेव्हा बोर्डिंगला पाऊण तास होता आणि माझ्या बॅगेत कुणासाठीही काहीही नव्हतं. चार दिवस ऑफिसच्या प्रशिक्षणात गेले होते, पाचवा पुरी आणि रघुराजपूरमध्ये. एवढं फिरून हात रिकामे. बेंगळुरूला घरी नवरा आणि मुलगा. मुलाला चार दिवस शाळेतून आल्यावर सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू. माझं काम अंगावर घेतलेल्या ऑफिसातल्या दोघी. आणि पंधरा दिवसांनी मी सावंतवाडीला जाणार होते, म्हणून बाबा. सहा नावं, पंचेचाळीस मिनिटं.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. समोर दिसलेल्या हस्तकलेच्या दुकानात शिरले.

विमानतळावरची अशी दुकानं आता सवयीची झाली आहेत. पूर्वी चॉकलेटं आणि पुस्तकं असायची, आता प्रत्येक शहराचा एक कोपरा हाताने केलेल्या वस्तूंचा असतो. काही विमानतळांवर बचतगटांच्या बायकांना पंधरा-पंधरा दिवस पाळीपाळीने जागा मिळते. विमानतळ प्राधिकरणाने 2022 साली ‘अवसर’ नावाची तशी योजना काढली. पण मी शिरले ते पक्कं दुकान होतं. पांढरे दिवे, काचेची फडताळं, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली किंमत. ताडाच्या पानावर लोखंडी लेखणीने कोरलेली चित्रं, पिपलीच्या कापडी ठिगळकामाच्या पिशव्या, कटकची चांदीच्या तारेची कामं, ढोकऱ्याचे हत्ती, सबाई गवताच्या टोपल्या, कागदाच्या लगद्याचे मुखवटे. सबंध ओडिशा चार भिंतींत, आणि कशालाही धुळीचा कण नाही.

मी भराभरा उचलत गेले. काकूंना पिपलीची पिशवी, मैत्रिणींना ताडपत्राच्या पुस्तकखुणा, मुलाला वाघाचा मुखवटा. नवऱ्याला असल्या वस्तूंचं काही नसतं, त्याच्यासाठी काजूचं पाकीट. मग कोपऱ्यात, काळ्या चौकटीत, काचेआड, एक गोल पान दिसलं. लाल पार्श्वभूमीवर मत्स्यावतार: खाली मासा, वर चतुर्भुज देव, कडेने पिवळ्या ठिपक्यांची रांग. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘गंजपा, हस्तनिर्मित’. किंमत दोन हजार चारशे पन्नास.

मी चौकट तिरकी धरून उजेडात पाहिली. छापलेल्या चित्रात रंग सपाट असतो. हाताने भरलेल्या चित्रात तो कागदावरून किंचित वर उठलेला दिसतो, आणि रेघ जिथे संपते तिथे कुंचला उचलल्याची शेपटी राहते. इथे शेपट्या होत्या. ठिपकेही एकसारखे नव्हते. मी काउंटरवर गेले, मोबाइल यंत्रावर टेकवला, ‘टिंग’ वाजलं. मुलीने वस्तू बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. सहा नावं पुरी झाली आणि वीस मिनिटं उरली.

त्या वीस मिनिटांत, दरवाज्यापाशी बसल्यावर, मला सकाळ आठवायला लागली.

सकाळी मी रघुराजपूरला होते. पुरीपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर, भार्गवी नदीच्या काठचं हे चित्रकारांचं गाव. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र याच गावचे. नारळीच्या झाडांत घरांच्या रांगा, भिंतींवर चित्रं, आणि जवळजवळ प्रत्येक ओसरीवर कुणी ना कुणी पाठीला बाक काढून रंगवत बसलेलं. जूनचा पहिला आठवडा होता, उकाडा असा की पदर पिळावा. पर्यटक नव्हतेच. मी रस्त्यावरून निघाले तशी प्रत्येक ओसरीवरून हाक येत होती, “दीदी, सिर्फ देखिए.”

एका ओसरीवर मी थांबले ती वासामुळे. आत अंगणात एक बाई जुन्या सुती कापडावर काहीतरी चोपडत होती आणि तो वास मला ओळखीचा होता. चिंचोक्याची खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली. कापडाचे थर या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वरून खडूची भुकटी मिसळून लेप द्यायचा, वाळल्यावर दगडाने घोटून गुळगुळीत करायचं. त्यावर मग शंखाच्या भुकटीचा पांढरा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा, सगळे कवठाच्या डिंकात कालवलेले. पट्टचित्राची ही कृती मला त्या चित्रकाराने समजावून सांगितली, आणि मी नव्याने ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिले.

खरं तर अर्धी कृती मला पाठ होती. मी सावंतवाडीच्या चितारआळीत वाढले. माझे बाबा चितारी. लाकडाची फळं, पाट, पोळपाट, खेळणी, चौरंग. आणि सत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात गंजिफा पुन्हा सुरू केल्या, तेव्हा काही वर्षं गंजिफासुद्धा. गंजिफा म्हणजे पत्ते, गोल आणि हाताने रंगवलेले. खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. इथे आल्यावर खेळाने देव धारण केले. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण 120. बाबा सांगत, दिवसा खेळायचं तर सुरुवात रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. आम्ही विचारायचो, आणि तिन्हीसांजेला? ते म्हणायचे, तिन्हीसांजेला दिवा लावायचा.

असाच खेळ, असेच अवतार, देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर ओडिशात आहेत हे मी ऐकून होते. पाहिले नव्हते. चित्रकाराने लाकडी पेटी उघडली आणि पानं ओसरीवर मांडली. आकार, वेलबुट्टी, चेहरे वेगळे, पण खेळ तोच. दशावतारात नवव्या जागी ओडिशात अनेकदा जगन्नाथ काढतात. आमच्याकडच्या जुन्या चित्रांत तिथे विठ्ठल दिसतो. ज्याला ज्याचा देव.

“पूर्ण जोड फार महाग पडेल,” तो हिंदीत म्हणाला. “राजा-प्रधान घ्या. मत्स्याचे. बाराशे.”

आणि मी म्हणाले, “आठशे.”

कुठून आलं हे माझ्या तोंडी, मला ठाऊक आहे. बाजारात भाजी घेताना येतं तिथूनच. तो म्हणाला, “हजार द्या.” मी म्हणाले, “आठशेच.” तो थोडा वेळ पानांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दीदी, या दोन पानांना तीन दिवस लागतात. रेघ मी काढतो, रंग बायको भरते.” मी घड्याळाकडे पाहिलं. मला विमान गाठायचं आहे, म्हणाले. त्याने पानं परत पेटीत ठेवली. रागावला नाही. छापील कार्ड दिलं, त्यावर फोन नंबर होता, आणि म्हणाला, “चहा तरी घ्या.” मी चहाही न घेता निघाले.

आता ही घासाघीस कुणीही करतो. मला टोचत होतं ते वेगळंच. तासभर मी त्याच्या ओसरीवर बसले, त्याच्या घरचं पाणी प्याले, आणि एकदाही म्हणाले नाही की माझे वडीलही हीच पानं रंगवायचे. जिभेवर आलं होतं. मी गिळलं. का गिळलं, तर सांगितलं असतं तर मला भाव पाडता आला नसता.

लहानपणी मी हे दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं. गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या सावंतवाडीत थांबायच्या, लोक आमच्या ओट्यावर यायचे. लाकडी आंबे, केळी, सीताफळं उचलून पाहायचे. एक बाई मला अजून आठवते. फिक्या निळ्या साडीतली. टोपलीभर फळांची किंमत ऐकून ती हसली आणि म्हणाली, “अहो, लाकडाचीच तर आहेत!” बाबांनी किंमत उतरवली. तिने अजून उतरवायला लावली. शेवटी घेतलीच नाही. आत आईने पातेलं आपटलं. ती गेल्यावर बाबांनी एक मऊ फडकं घेतलं आणि तिने हाताळलेलं एकेक फळ पुसून परत टोपलीत ठेवलं. बोटांचे ठसे राहतात रंगावर. ते असं न विकल्या गेलेल्या प्रत्येक वस्तूला करायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मोठी झाले की असं कधी करायचं नाही, असं मनाशी म्हटल्याचं पक्कं आठवतं.

त्या सकाळी चारशे रुपयांसाठी मी निळ्या साडीतली बाई झाले होते. आणि त्याच दुपारी, तिथल्यासारखंच एक पान, प्रधानाशिवाय नुसता राजा, दुप्पट दाम देऊन, एक शब्दही न बोलता घेऊन आले होते. काचेच्या दुकानात दोऱ्याला बांधलेली किंमत मला रेल्वेच्या तिकिटासारखी वाटली होती, तिच्याशी कोण भांडतं? ओसरीवरची किंमत मात्र माणसाच्या तोंडून आली, म्हणून ती ओढता येईल असं वाटलं. समोर बसलेला माणूस हाच जणू सवलतीचा हक्क. शिवाय ओसरीवर मला वेळ नव्हता, आणि दुकानात वेळ नसल्याचीच किंमत मी मोजत होते.

विमानात मी चौकट मांडीवर घेऊन बसले. मागच्या बाजूला दुकानाचा शिक्का होता, बारकोड होता. ज्याने रेघ ओढली आणि जिने रंग भरला, त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

पंधरा दिवसांनी सावंतवाडीला पोहोचले तेव्हा पावसाने मोती तलाव काठोकाठ भरत आणला होता. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हात कापतो म्हणून काम सुटून बरीच वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि नजर आता पूर्वीपेक्षा चांगली आहे, याचा त्यांना थोडा रागही आहे. डोळे आले तेव्हा हात गेले, म्हणतात.

मी चौकट दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “सुरी हाड.”

मला वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी कापऱ्या हाताने मागच्या पट्ट्या उचकटल्या, काच बाजूला ठेवली आणि पान बाहेर काढलं. “पान काय काचेत ठेवतत?” मग ते हातात धरलं, पत्ता धरतात तसं. नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. नाकाशी नेलं.

“चिंचोक्याची खळ,” म्हणाले.

मग खिडकीपाशी नेऊन किती तरी वेळ पाहत बसले. रेघ एका हाताची आहे, म्हणाले, आणि भरणी दुसऱ्या. भरणारा हात रेघेला घाबरत नाही, म्हणजे जुनी सोबत आहे. माशाचा डोळा सर्वांत शेवटी काढलाय, घाईत. कुणीतरी हाक मारली असणार. मी रघुराजपूरच्या अंगणातल्या त्या बाईचा विचार करत होते. तिचं पान हे नव्हेच कदाचित. पण अशाच कुठल्या तरी ओसरीवरचं.

“कितके दिलंस?”

मी सांगितलं. आणि मग सगळंच सांगून टाकलं. ओसरी, बाराशे, आठशे, चहा, दुकान, टिंग. बाबा रागावतील, निदान गप्प होतील, अशी माझी तयारी होती. ते हिशेब करायला लागले.

“दुकानदारान तेका सातशे दिले असतीत,” म्हणाले.

“तेच ना, बाबा. अन्याय नाही का हा?”

“पण जूनात दिल्यान मा?”

मला कळलं नाही. त्यांनी बाहेर पावसाकडे हात केला. “पावसात आमच्या वट्यार कुत्रां पण येय नाय.” आणि मग मला आठवलं, जे मी कधी आठवत नव्हते. जून ते सप्टेंबर लाकूड वाळत नाही, रंग सुकत नाही, गाडी थांबत नाही. त्या चार महिन्यांत घर चालायचं ते मुंबईच्या एका दुकानदारावर. तो फळांचे डझन ठरवून घ्यायचा, निम्म्या किमतीत घ्यायचा, आणि पैसे आगाऊ पाठवायचा. आई त्याला शिव्या द्यायची. बाबा द्यायचे नाहीत. त्याने मोजून घेतलं, पण कधी ‘लाकडाचीच तर आहेत’ म्हणाला नाही, एवढंच ते म्हणायचे. ओट्यावरचं गिऱ्हाईक पूर्ण किंमत देईल, पण येईल की नाही हे देव जाणे. दुकान कमी देईल, पण देईल. दोन्ही लागतात.

म्हणजे विमानतळावरच्या त्या चकचकीत दुकानाला मी गुन्हेगार ठरवू पाहत होते तेही काही खरं नव्हतं. माझं ओझं मला तिथे उतरवून ठेवायचं होतं, इतकंच. बाबांनी ते अलगद माझ्या हातात परत दिलं.

“तू तेका सांगलंस, आपण खंयचे ते?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पानाची कड, जिथे माझी आणि त्यांची बोटं लागली होती, हळूच पुसली. मग पान माझ्यापुढे धरून म्हणाले, “एकट्या राजान काय करूचां? प्रधान होयो.”

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी फोन लावला. पलीकडे पंख्याचा आवाज होता आणि कुणीतरी मूल रडत होतं. सुरुवातीला त्याला मी आठवले नाही, मग मत्स्याचे राजा-प्रधान म्हटल्यावर आठवले. मी म्हणाले, बाराशे बरोबर आहेत, मी पाठवते, तुम्ही टपालाने पाठवा. आणि त्याने पत्ता विचारल्यावर म्हणाले, “सावंतवाडी, महाराष्ट्र. माझे वडील चितारी आहेत. तेही गंजिफा रंगवायचे.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.

“किती पानांची?” त्याने विचारलं.

“एकशेवीस.”

“दशावतार?”

“दशावतार.”

“मग बाराशे कसे घेऊ,” तो म्हणाला. “घरचं काम आहे. आठशे द्या.”

मी नाही म्हणाले. बाराशेच. तो म्हणाला, आठशे. मी म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं तीन दिवस लागतात. तो म्हणाला, त्या दिवशी तुम्ही पाहुण्या होता. बाबा शेजारी बसून ऐकत होते, त्यांना हिंदी पुरतं समजत नाही, पण भाव चाललाय हे समजत होतं आणि तो उलट्या दिशेने चाललाय हेही बहुधा समजलं असावं, कारण ते हसत होते. शेवटी सौदा हजारावर तुटला. तोच आकडा, जो त्याने पहिल्याच दिवशी मध्ये ठेवला होता.

पार्सल पुन्हा पंधरा दिवसांनी आलं, मी बेंगळुरूला परतल्यावर. फोनवर बाबांनी सांगितलं, राजा-प्रधान दोन्ही बरे आहेत, पावसात थोडे नरमले होते, पण चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले. आता तिघं झाले, दोन राजे आणि एक प्रधान. खेळ होणार नाही, म्हणाले, पण भांडण होईल.

आणि नव्या दोन्ही पानांच्या मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक काही लिहिलं आहे. अक्षर उडिया आहे, बाबांना वाचता येत नाही. “दोघांची नावां असतली,” ते म्हणाले. मीही अजून कुणाकडून वाचून घेतलेलं नाही. पुढच्या खेपेला सावंतवाडीला जाईन तेव्हा फोनमध्ये फोटो काढून आणेन आणि ऑफिसातल्या एका कटकच्या मुलाला विचारेन.